पुढच्या घरातल्या गोळ्या

चामराजपेटेतलं ते घर आम्हाला मिळालं ते माझ्या नवऱ्याच्या जिभेमुळे. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढच्या वर्षी यांची बदली बंगळूरच्या कचेरीत झाली. जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकीण दारातच उभ्या होत्या. नोकरी कुठे, माणसं किती, यातलं काहीही न विचारता त्या यांना म्हणाल्या, "जीभ दाखवा." हे सरकारी नोकर, सांगितलेलं ऐकायची सवय; त्यांनी दाखवली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून, वाकून ती नीट पाहिली. मग म्हणाल्या, "बी व्हिटॅमिन कमी आहे. बाकी माणूस सरी." सरी म्हणजे ठीक. आमच्या आधी आलेल्या कुटुंबानं जीभ दाखवायला नकार दिला होता. त्यांना जागा मिळाली नव्हती.

पुढचं घर त्यांचं, मागच्या दोन खोल्या आमच्या, मध्ये विहीर आणि कढीपत्त्याचं झाड. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणे. त्यांचं घराणं फार जुन्या काळी तिकडे आलेलं, मूळ गाव कोणतं ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांची भाषा मराठी, पण तिच्यात कानडी इतकं मिसळलेलं की पुण्याकडच्या माणसाला अर्धं कळलं नसतं. मला सगळं कळायचं, ही माझी अडचण होती. त्या मला नावानं हाक मारत नसत. "बेळगाव, स्वल्प थांब," म्हणत. जणू अख्खं शहर त्यांच्या मागच्या दारी भाड्यानं राहत होतं.

अक्का पन्नाशीच्या, काटकुळ्या, चालायला माझ्याहून चपळ. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, दोघंच. अण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून असत आणि कमी ऐकू येतं असं दाखवत. अक्कांचा धाकटा भाऊ औषधाच्या कंपनीचा माल घेऊन डॉक्टरांकडे फिरे. डॉक्टरांना वाटून उरलेले नमुने तो बहिणीकडे आणून ओती. त्यामुळे त्या घरात तांदळाचा डबा एखाद वेळी रिकामा असेल, पण बी कॉम्प्लेक्स संपलेलं मी पाहिलं नाही.

गोळ्या त्या पानाच्या डब्यात ठेवत. पितळेचा, कप्प्यांचा, घरातला जुना डबा. सुपारीच्या कप्प्यात बी, लवंगांच्या कप्प्यात ए आणि डीच्या तेल भरलेल्या पारदर्शक कॅप्सूल, काताच्या जागी यीस्टच्या गोळ्या, चुन्याच्या डबीत कॅल्शियम. चुना म्हणजे शेवटी कॅल्शियमच, असं त्या म्हणत. अण्णांचं पान या व्यवस्थेत कायमचं गेलं. त्यांनी तक्रार केली नाही. गोळ्या मात्र ते तोंडात धरत आणि अक्कांची पाठ वळली की कोटाच्या खिशात टाकत. धोब्यानं एकदा त्यांचा कोट परत आणून दिला तेव्हा त्याचा एक खिसा हळदीसारखा पिवळा झाला होता. अक्का म्हणाल्या, घाम. यांच्या अंगात इतकं बी साठलंय की घामातून येतंय.

रस्त्यानं जाणारा कोणी थांबला की त्याची नखं बघायची, पापणी खाली ओढायची आणि निकाल द्यायचा. पोस्टमनमध्ये सी कमी. देवळातल्या भटजींमध्ये डी कमी, कारण ते गाभाऱ्याबाहेर उन्हात येत नाहीत. दसऱ्याला त्या तिकडच्या पद्धतीप्रमाणे पायऱ्यांवर बाहुल्या मांडत. वर लाकडी राजा-राणी, मधल्या पायरीवर देव, खाली तराजू घेऊन बसलेला वाणी. एका वर्षी त्यांनी वाण्याच्या पुढ्यातली मातीची धान्यं काढली आणि तिथे टॉनिकच्या बाटल्या उभ्या केल्या. बाया बघायला येत, हळदीकुंकू घेत, आणि जाताना प्रत्येकीच्या हातावर प्रसादाबरोबर एक गोळी पडे. बाया हसत, पण घेत. सगळ्या पेठेला त्या आवडत. मी दाराशी उभी राहून बघत असे आणि माझ्या घरी मी केलेल्या हळदीकुंकवाला किती जणी आल्या होत्या ते मला आठवे.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. ज्याच्या ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य आणि ताक आहे, त्याला गोळीची गरज नाही. आणि ज्याच्या ताटात यातलं काही नाही, त्याला आधी ताट द्यावं. डॉक्टरांनी एखाद्या आजारावर लिहून दिलं तर गोष्ट निराळी. मी हे अक्कांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तुझी पालेभाजी तू शिजवतेस की नाही? मग सी गेलं." मी म्हटलं, लिंबू पिळते. त्या म्हणाल्या, "लिंबू कधी चिरलेलं? वारा लागला की सी गेलं." त्यांच्याशी वाद घालताना जीवनसत्त्वं एकामागून एक घर सोडून जात आणि शेवटी माझ्या ताटात नुसता चोथा उरे.

माझ्या सासूबाई आधी माझ्या बाजूच्या होत्या. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्या गुपचूप पुढच्या घरातून गोळ्या आणू लागल्या. एका सकाळी त्या मोरीतून बाहेर आल्या त्या रडवेल्या होऊन. आपल्याला कावीळ झाली, लघवी पिवळीजर्द झाली, आता मुलीला बोलावून घ्या, असं त्यांनी जाहीर केलं. हे डॉक्टरांकडे निघाले. तेवढ्यात अक्का आल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सासूबाईंचे हातच धरले. कावीळ नव्हे, बी पोचलं, काम करून बाहेर पडलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काम न करताच बाहेर पडलं. जेवढं घेतलं तेवढं पिवळं होऊन मोरीत गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची कावीळच हिरावून घेतली. त्या दिवसापासून त्या पक्क्या अक्कांच्या झाल्या. गुडघे पहिल्याइतकेच दुखत होते.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण माझी मुलगी जेवत नसे.

ती तेव्हा पाच वर्षांची. हातापायाच्या काड्या, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी. आजार काही नव्हता. डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले, खायला घाला. मी खायलाच घालत होते. माहेरी माझ्या हाताला चव आहे असं म्हणत. यांच्या कचेरीतली माणसं माझा झुणका मागून नेत. मुलीसाठी मी नाचणीची आंबील केली, गुळाच्या पोळ्या केल्या, मुगाचं धिरडं केलं. ताटासमोर बसवली की ती भिंतीकडे बघायची. एक घास गालात धरून अर्धा तास. मी उलथनं हातात घेऊन तिच्या डोक्यावर उभी, कारण चुलीवर भाकरी, यांची कचेरीची वेळ, सासूबाईंचा चहा. आल्यागेल्यानं मुलीला बघावं आणि मग माझ्याकडे बघावं. स्वयंपाक येणाऱ्या बाईला याहून वाईट काही नाही.

एके दिवशी अक्कांनी तिला विहिरीपाशी अडवली, जीभ बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सगळंच कमी आहे. सकाळी माझ्याकडे पाठव." मला नाही म्हणायचं होतं. हे म्हणाले, जाऊ दे, काय बिघडतं. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे. ती गेली.

पहिल्या आठवड्यात तिचं नाव बदललं. अक्का तिला पुट्टी म्हणू लागल्या. कानडीत लहान मुलीला म्हणतात. मी बारशाला चांगला विचार करून ठेवलेलं नाव घरातून नाहीसं झालं. सासूबाई पुट्टी म्हणायला लागल्या, हेही म्हणायला लागले, आणि शेवटी माझ्या तोंडातही तेच आलं. रोज सकाळी पुढच्या घरातून हाक यायची, "पुट्टी, बा इल्ली, इकडे ये," आणि माझ्या वाटीतली आंबील तशीच टाकून ती धावायची.

दोन-तीन महिन्यांत तिचे गाल भरले. कोपराची हाडं दिसेनाशी झाली. झगे आखूड झाले. मी नवे शिवत बसले आणि लोक अक्कांचं कौतुक करायला लागले. दूधवाली म्हणाली, अक्कांची गोळी भारी. पोस्टमन म्हणाला. हे म्हणाले, तेही जेवताना, माझ्या हातची भाजी वाढून घेत: "काही म्हण, गोळ्यांत काहीतरी आहे." मी भाजी वाढली. मुलगी सुधारली याचा आनंद मला झाला नाही असं नाही. पण तो आनंद मला दुसऱ्याच्या घरून उसना आणल्यासारखा वाटे.

मला त्या गोळ्या थांबवायच्या होत्या, आणि मला उपाय सापडला. माझा भाऊ धारवाडला रसायनशास्त्र शिकवतो. तो सुट्टीत आला असताना बोलता बोलता म्हणाला, कॅप्सूलचं बाहेरचं कवच जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. अक्का सोवळ्याच्या भलत्या कडक. त्यांच्या घागरीला माझा पदर लागला तरी ती ओतून पुन्हा भरत. कांदा त्या घरात येत नसे. मी एकादशीची वाट पाहिली. दुपारी बाया पायरीवर बसल्या होत्या, सासूबाई होत्या, तेव्हा मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, या कॅप्सूल कशाच्या करतात तुम्हाला माहीत आहे?" आणि सांगितलं.

अक्का उठून आत गेल्या. आतून पाणी डोक्यावर ओतून घेतल्याचा आवाज आला. मी त्या रात्री शांत झोपले.

सकाळी बघते तर अक्का मागच्या पायरीवर पाट टाकून बसलेल्या, समोर माझी मुलगी, मध्ये केळीच्या पानावर वाफा येणाऱ्या इडल्या. मुलीच्या हातात शिवणाची सुई. एक कॅप्सूल चिमटीत धरून अक्कांनी ती मुलीपुढे केली, मुलीनं सुई खुपसली, फट् करून तेलाचा थेंब बाहेर आला, तो इडलीवर पिळला, वर तूप घातलं, आणि रिकामं कवच कढीपत्त्याच्या बुंध्याशी भिरकावलं. "झाडाला कसलं आलंय सोवळं," अक्का म्हणाल्या. मुलगी खिदळत होती. "अजून एक, अक्का. अजून एक फोडू." मी कॅप्सूल बंद करायला गेले आणि तिला खेळणं मिळवून दिलं. त्या वर्षी कढीपत्ता असा फोफावला की अक्का आल्यागेल्याला दाखवत, बघा, ए आणि डी.

उन्हाळ्यात अक्का म्हैसूरला गेल्या, भावजयीच्या बाळंतपणाला. जाताना त्यांनी पानाचा डबाच माझ्या हातात दिला. "बेळगाव, तुझा विश्वास नाही मला ठाऊक आहे. पण पुट्टीला चुकवू नकोस." मी चुकवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सासूबाईंना तशी शंका आली. रोज सकाळी लवंगांच्या कप्प्यातली, सुपारीच्या कप्प्यातली, चुन्याच्या डबीतली, सगळं मी पाण्याबरोबर मुलीला दिलं. गोळ्यांत दम असेल तर दिसू दे, असं मी ठरवलं होतं.

मुलगी उतरायला लागली. गळ्याची हाडं परत आली. गोळी गिळायची आणि भिंतीकडे बघायची. मला काळजी वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण खरं म्हणजे मी आतून फुलले होते. हे कचेरीतून आले की मी मुलीला त्यांच्यापुढे उभी करी. "बघा. गोळ्या चालू आहेत, एकही चुकलेली नाही. बघा गोळ्यांनी काय होतं ते." हे म्हणाले, "मग तिकडे काय होत होतं?"

ते मी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "अक्का म्हणतात, रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. आधी खायचं."

बाटलीवरच तसं छापलेलं होतं, जेवणानंतर घ्यावी. छापलेलं वाचून अक्का ते शास्त्रासारखं पाळत. गोळी पोटात टिकावी म्हणून आधी इडल्या, गोळी बाधू नये म्हणून नंतर दहीभात. मला हसू आलं. म्हणजे खाण्यानंच मुलगी सुधारली होती, मी पहिल्यापासून म्हणत होते तसं. दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून इडल्या केल्या. केळीचं पान आणलं. तूप, सुई, कॅप्सूल, सगळं मांडलं. मुलीनं कॅप्सूल फोडली, एक तुकडा खाल्ला आणि थांबली. इडली अक्कांच्या इडलीपेक्षा हलकी होती. मी स्वतः खाऊन पाहिली. "काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "असं नाही."

कसं, ते तिला सांगता येईना. अक्का म्हैसूरहून परतल्यावर मला कळलं. मी विहिरीवर होते आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. अक्का आणि मुलगी एकाच पानावर समोरासमोर बसल्या होत्या. मुलीनं इडलीचा लचका तोडला, उरलेली अक्कांपुढे केली, आणि अक्कांनी ती उष्टी इडली तोंडात घातली. माझा पदर लागलेलं पाणी ओतून टाकणारी बाई. मग त्यांचा घास, मग मुलीचा. "साकु, पुरे," अक्का म्हणायच्या, "माझं पोट भरलं, आता मी नाही," आणि मुलगी हट्टानं त्यांना भरवायची, आणि त्यांनी खावं म्हणून स्वतः खायची. खा, असं अक्कांनी तिला एकदाही म्हटलं नाही.

आमच्या घरात आधी हे जेवत, मग सासूबाई, मग मुलगी एकटी, आणि सगळं आवरल्यावर मी, ओट्याशी, उरलेलं. सुनेनं तसंच जेवायचं असतं. माझी आई तशीच जेवली. मुलीसमोर बसून मी कधी जेवलेच नव्हते. माझ्या मुलीनं मला खाताना फारसं पाहिलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर पाट मांडला आणि माझं ताट वाढून घेतलं. सासूबाईंची अजून पूजा चालली होती. त्या जपाची माळ हातात घेऊन दारात आल्या. माझ्या ताटाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी उठले. ताट झाकून ठेवलं. पुढून हाक आली आणि मुलगी गेली.

आता हे सगळं मला माहीत होतं आणि अक्कांना माहीत नव्हतं. मुलीचे गाल पुन्हा भरले तेव्हा त्या येऊन तिची जीभ बघत आणि म्हणत, म्हैसूरहून नवीन गोळ्या आणल्या, पूर्वीपेक्षा जोरदार आहेत, बघ कसा फरक पडला. त्यांना मनापासून तसं वाटे. आपण एका मुलीला वाढवलं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं; त्यांच्या हिशेबी ते सगळं डब्यातल्या कप्प्यांचं काम होतं. सांगितलं असतं तर त्या मूलबाळ नसलेल्या बाईला काय वाटलं असतं ते मला कळत होतं. म्हणूनच मी सांगितलं नाही.

दिवाळीला माझी नणंद बेळगावहून आली. मुलीला बघून तिनं कडेवरच घेतलं. "वहिनी, हिला घातलंस तरी काय?"

सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या अक्कांचा हात लागला गं. त्यांच्या हातून खाते ती."

अक्का दारात उभ्या होत्या, फराळाची वाटी घेऊन. मी सासूबाईंना पुढे बोलू दिलं नाही. "हात कसला? गोळ्या लागल्या. व्हिटॅमिनच्या गोळ्या. काय, अक्का?"

अक्कांनी वाटी खाली ठेवली. "पटलं ना तुला शेवटी?"

"पटलं."

त्या अक्षरशः धावत घरी गेल्या आणि पदर भरून आल्या. नणंदेला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ आणि खण दिला, आणि वर ओटीत बाटल्या, पाकिटं, नमुने ओतले, एवढे की तिला उठता येईना. नणंदेचे दोन्ही मुलगे चांगले दणकट. पण फुकट मिळालेलं औषध कोण सोडतं. अक्का मला म्हणाल्या, "आज तू मला जिंकलंस, बेळगाव." त्यांचे डोळे भरले होते. मी वाटीतला फराळ डब्यात काढून वाटी विसळून दिली.

नणंदेला पोचवायला मी जटक्यातून स्टेशनवर गेले. घोडा चालत होता, तिच्या मांडीवर पिशवीत बाटल्या खुळखुळत होत्या. सिटी मार्केटच्या गर्दीत जटका अडकला तेव्हा तिला आठवण झाली.

"वहिनी, या द्यायच्या कशा? काही पथ्य आहे का? कशाबरोबर द्यायच्या?"

"पाण्याबरोबर," मी म्हटलं.